फरशी कुठली?

आमच्या कोपऱ्यावरचा फिनेलवाला ॲसिडची बाटली लगेच देत नाही. तिची मान धरून आधी विचारतो, "फरशी कुठली?" शहाबादी म्हटलं की ॲसिड मागं घेतो. "दगड खातंय ते. साबण आन् काथ्या घ्या की." टाइल्स म्हटलं, तर नळ कसले ते विचारतो. मला वैताग यायचा. मोरी घासायची आहे, सोयरीक नाही जमवायची!

परवा संडासाच्या भांड्यासाठी मी त्याच्याकडून ॲसिड आणलं. तासाभरानं बेल वाजली. दारात तो, धापा टाकत. दुकान उघडंच टाकून आला होता.

"ताई, आत्ता तुमचे साहेब ब्लिचिंग पावडर घिऊन गेले. दोन्ही एकत्र झालं तर लई इषारी धूर हुतोय. पावडर कुटं हाय?"

पावडर यांनी येताक्षणी भांड्यात टाकून ठेवली होती. मला सांगितलं नव्हतं. आणि ॲसिडची बाटली माझ्या हातात होती, झाकण काढलेली.

त्यानं ती काढून घेतली. झाकण घट्ट लावलं.

आता तो फरशीनंतर आणखी एक विचारतो, "घरात अजून कोण घासतंय?" मी तिथूनच घरी फोन लावते. तोवर तो बाटलीची मान सोडत नाही.