अठ्ठावीस वर्षांचा बैल

"बैलाचं वय काय?" मी विचारलं.

"अठ्ठावीस," तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

बाजाराचा दिवस होता. धाडच्या आमच्या सरकारी आयुर्वेदिक दवाखान्यात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसायची. बाकावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. पुड्या बांधणारे कंपाउंडर भिंतीकडे तोंड करून हसू लागले. तो बिचारा टोपी हातात घेऊन तसाच उभा. धिप्पाड गडी, तालमीत घुमवलेलं अंग, आणि कानाच्या पाळ्या लालभडक.

"अठ्ठावीस वर्षांचा बैल मी अजून पाह्यला नाही भाऊ," मी म्हटलं. "चल, आत ये."

महाराष्ट्र नवा झाला होता आणि मीही नवीन होते. चिखली तालुक्यातली मुलगी, नागपुरात आयुर्वेद शिकलेली, आणि पोस्टिंग धाडला. गावाने लेडी वैद्य पहिल्यांदाच पाहिली होती. बायका खूष होत्या. पुरुषांची मात्र पंचाईत झाली. खोकला, ताप, खरूज इथपर्यंत ठीक. पण ज्याला आस्कंद हवा असे, तो बैलासाठी मागायचा. एकाला तर रेड्यासाठी हवा होता. बाईमाणसासमोर स्वतःचं नाव कसं घ्यायचं?

आस्कंद म्हणजे अश्वगंधा. हिचं मूळ वाळवून, कुटून त्याचं चूर्ण करतात आणि ते दुधात उकळून घेतात. अशक्तपणाला देतात, झोप येत नसेल तर देतात, आणि पुरुषाच्या शुक्रधातूसाठी देतात. शुक्रधातू म्हणजे पुरुषाचं बीज आणि त्यामागची ताकद. हल्ली जाहिरातींत हॉर्मोन हॉर्मोन म्हणतात ना, ते. तेव्हा हा शब्द आमच्याकडे आला नव्हता. पण शब्द नसला म्हणून काळजी थांबत नाही.

आत आल्यावर तो बोलता झाला. नाव सुखदेव. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्याच्या आईने, अंजनाबाईने, सुनेला कुठे कुठे नेलं नव्हतं? दायी झाली, अंगारे झाले, उपास झाले, कुठलासा काढा झाला. आता आईने उंद्रीकडची एक मुलगी हेरली होती. अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की सुखदेवचं दुसरं लग्न. कायद्याने पहिली नांदत असताना दुसरी करता येत नव्हती, पण खेड्यात तो कायदा कोण मनावर घेत होतं! वच्छला, म्हणजे त्याची बायको, एक तर माहेरी जाणार होती, नाही तर त्याच घरात सवतीच्या हाताखाली राबणार होती.

"तुले पाह्यजे का दुसरी?" मी विचारलं.

"नाई बाई." डोळे खाली. "वच्छला चांगली हाय. पण मायसमोर कोन बोलते?"

"तुले कोनी तपासलं?"

त्याने असं पाहिलं, की जणू मी त्याला लुगडं नेसायला सांगितलं. "मले काऊन तपासते? मी त पहेलवान हावो."

हाच तर सगळा घोटाळा. पोरगा दंड मारतो म्हणजे त्याच्यात काही कमी असूच शकत नाही! मी त्याला बुलढाण्याला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर माझ्या ओळखीचे होते. ॲलोपॅथीवाले, जरा खवचट, पण कामात चोख. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बीज तपासलं. मी बुलढाण्याला गेले तेव्हा त्यांची गाठ घेतली.

"शुक्रजंतू आहेत, पण थोडे," ते म्हणाले. "आणि जे आहेत ते सुस्त. तुमच्या मुळ्या आता काय करणार, वैद्यबाई?"

"मुळ्या एकट्या काही करणार नाहीत," मी म्हटलं. "तंबाखू सोडवते. लंगोट सोडवते. मग मुळ्या."

लंगोटाचं असं होतं, की तालमीतल्या उस्तादाने सुखदेवला सांगून ठेवलं होतं, लंगोट जितका आवळून तितका मर्द पक्का. हा पठ्ठ्या दिवसा तर दिवसा, झोपतानाही लंगोट आवळून झोपायचा. बीज शरीराच्या बाहेरच्या थैलीत ठेवलंय ते त्याला थंडावा मिळावा म्हणून. त्याला चोवीस तास उबेत कोंबून ठेवलं तर ते सुस्त होणार नाही तर काय? हे मी त्याला समजावलं तेव्हा त्याला घाम फुटला. मला फुटला नाही. एकदा अभ्यासात शरीर शिकलं की त्यातला कुठला भाग लाजेचा आणि कुठला नाही, असं वेगळं राहत नाही.

आस्कंदाचं चूर्ण दिलं. सकाळ-संध्याकाळ दुधात, काही महिने, न चुकता. आणि एक अट घातली.

"औषध चालू हाय तोवर दुसऱ्या लग्नाचं नाव काढू देऊ नको."

"हाव. पण बाई, माह्या तपासणीचं कोनाले सांगजा नका. मायले त बिलकुलच नाई."

"नाही सांगणार. पेशंटचं मी बाहेर बोलत नाही."

तो दर थोड्या दिवसांनी यायचा, पुडे घेऊन जायचा. "घेतो का रे बरोबर?" "हाव बाई." "लंगोट?" "सोडला बाई." तंबाखूचा वासही कमी झाला होता. मी निश्चिंत होते.

हिवाळा सरता सरता अंजनाबाई सुनेला घेऊन दवाखान्यात आली. म्हातारी ताठ, आवाज खणखणीत. वच्छला मागे, डोळे जड, अंगाने भरलेली.

"पाहा इले," अंजनाबाई म्हणाली. "कापूस वेचता वेचता सरीतच निजते! काल चुलीपाशी बसल्या बसल्या डुलकी लागली, भाकर जळून कोयसा झाली. बाई, तुमच्या औषधानं अंग त भरलं, पन पोटाचं काही नाई. आता मी काई वाट पाहत नाई."

"माझ्या औषधानं?" मी विचारलं. "मी हिला कुठलं औषध दिलं?"

"काऊन, सुखदेव नेत नाई का तुमच्याकडून? मीच देतो तिले दुधात, दोन्ही टायमाले. माह्या हातानं."

वच्छला हळूच म्हणाली, "लय वास मारते बाई ते. घोड्याच्या अंगाचा येते तसा."

अश्वगंधा हे नावच त्या वासावरून पडलंय. मूळ चांगलं असलं की घोड्यासारखा वास येतो, नसला तर माल जुना. म्हणजे सुखदेवच्या नावाचं एकूण एक चूर्ण या बाईच्या पोटात गेलं होतं! त्यानेच ती अंगाने भरली, त्यानेच झोपा काढत होती. मी आधी तिला दिवस गेलेत का ते तपासलं, कारण गरोदर बाईला हे असं मी कधीच दिलं नसतं. नव्हते गेले.

झालं कसं, ते माझ्या लगेच ध्यानात आलं. सुखदेवने पुडा घरी नेला. आईने विचारलं, कायचं औषध? तो म्हणाला असेल, मुलासाठीचं. मग आईला आणखी काय विचारायचं? मूल बाईला होतं, म्हणून औषध बाईला. तिच्या हिशेबात दुसरी शक्यताच नव्हती. आणि हा पहेलवान आईसमोर "माझं आहे" एवढं म्हणू शकला नाही. लंगोट सोडला, तंबाखू सोडली, आणि दुधाचा पेला मात्र बायकोच्या तोंडी जाताना रोज पाहत बसला.

त्या म्हातारीला तिथल्या तिथे सगळं सांगावं असं माझ्या मनात आलं. संताप असा झाला होता की बोलले असते तर गावभर ऐकू गेलं असतं. पण शब्द दिला होता. मी फक्त म्हटलं, "ते औषध हिला बंद करा. हिच्यासाठी नाही ते."

"म्हंजे तुम्हीबी हात टेकले," अंजनाबाई म्हणाली. "चला. पुढच्या बाजाराले पाव्हणे येऊन राह्यले उंद्रीचे. तोवर त औषध देतोच."

सुखदेवला मी बोलावून घेतलं.

"आता तू सांगतो का मायले?"

"बाई, मरून जाईन मी."

"तू नाही मरत. तुले भाकर मिळते, दूध मिळते. संसार तिचा मोडून राह्यला. तिनं काय केलं?"

तो रडायला लागला. एवढा मोठा गडी, नाक ओढत रडत होता. मला दयाही आली आणि एक ठेवून द्यावी असंही वाटलं.

"बरं," मी म्हटलं, "बोलता येत नाही ना? बोलू नको. पाव्हणे आले की तिच्या हातचा पेला घे आणि पिऊन टाक. तेवढंच कर. मी तिथं राहते."

पाहुणे यायच्या दिवशी मी दुपारनंतरची फिरती मुद्दाम सुखदेवच्या गावाला ठेवली. खेडं जवळच होतं. मी पोचले तेव्हा ओसरीत सतरंजीवर मुलीचा बाप आणि काका बसले होते. सुखदेव खांबाला टेकून. धाकटा भाऊ, तेव्हा शाळेत जाणारा, पाणी देत होता. आणि चहा कोण करत होतं? वच्छला. आपल्या सवतीच्या बापासाठी चहा.

"बरं झालं बाई आल्या," अंजनाबाईने मला पाट दिला. "सांगा पाव्हण्यायले. आमी सुनेचं काही करायचं बाकी ठेवलं का? अजूनबी औषध देऊन राह्यलो. वच्छला, आन व तो पेला. पे इथं यायच्यासमोर."

वच्छला पेला घेऊन बाहेर आली. मान खाली. मी सुखदेवकडे पाहिलं. तो हलेना. वच्छलाने पेला ओठाला लावला. झालं, म्हटलं, संपलं. हा काही उठत नाही.

तेवढ्यात तो उठला. तिच्या हातातून पेला घेतला आणि घटाघटा प्याला. मग जे तोंड वाकडं केलं! "आई व! काय घाण लागते हे!" तो पहिल्यांदाच पीत होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

"सुखदेव!" अंजनाबाई ओरडली. "बाईचं औषध काऊन पेला बे तू?"

"औषध माहं हाय, माय," तो म्हणाला. आवाज कापत होता, पण थांबला नाही. "बाईनं मलेच देलं होतं. बुलढाण्याले तपासणी माही झाली. कमी माह्यात हाय. वच्छलात काही खोट नाई. मी दुसरी करत नाई."

उंद्रीच्या पाहुण्यांनी चहाचे कप खाली ठेवले. काका म्हणाला, "येतो आम्ही," आणि दोघं चपला घालून निघाले. वच्छलाने त्याच्या हातातला रिकामा पेला घेतला. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं, की मी तिकडून नजर काढून घेतली.

अंजनाबाईने नजर वळवली ती माझ्याकडे. "तुमी माह्या पोराची अब्रू घेतली!" तिने मला घराबाहेर काढलं, आणि पुढे तिच्या भाऊबंदांनी वर तक्रारही केली. जिल्ह्याचे साहेब चौकशीला आले.

"तुम्ही पुरुष पेशंटला लंगोट सैल करायला सांगितलं?"

"हो साहेब. आवळायला सांगणारा उस्ताद आधीच होता."

"आणि त्याचा आजार पाहुण्यांसमोर उघड केलात?"

"मी तिथे एक शब्द बोलले नाही. पेशंट स्वतः बोलला. तुम्ही त्यालाच विचारा."

साहेबांनी सुखदेवला विचारलं. तो पुन्हा सगळं बोलला, या वेळी न अडखळता. साहेबांनी चष्मा पुसला, खाकरले, आणि जाता जाता कंपाउंडरला हळूच विचारलं, हा आस्कंद म्हणे बैलालाही देतात का? मी ऐकलं नाही असं दाखवलं.

सुखदेवने त्यानंतर खरंच औषध घेतलं. पहिले काही दिवस मी त्याला दवाखान्यातच, माझ्यासमोर प्यायला लावलं. पुढल्या वर्षी वच्छलाला दिवस राहिले आणि मुलगी झाली. आस्कंदाने झालं, लंगोट सुटल्याने, तंबाखू सुटल्याने की आपसूक, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. हेच उपाय मी पुढे बऱ्याच जणांना दिले. काहींना गुण आला, काहींना नाही आला. पण वच्छलाचं घर त्या मुळाने वाचलं नव्हतं. ते वाचलं तेव्हा तिला दिवसही गेलेले नव्हते.

अंजनाबाई मात्र माझ्याशी बोलायची नाही. बाजारात समोर आली की मुद्दाम तोंड फिरवून मिरच्यांचा भाव विचारायची.

काही वर्षं गेली. माझी बदली व्हायच्या बेतात होती. पुन्हा एक बाजाराचा दिवस, पुन्हा बाक भरलेला. दारात गलका झाला. पाहते तर अंजनाबाई. म्हातारी वाकली होती, पण तिने एका तरण्या गड्याचं मनगट घट्ट पकडलं होतं. तिचा धाकटा. लग्न होऊन दोनेक वर्षं झालेली.

धाकटा माझ्याकडे न पाहता पुटपुटला, "बाई, ते जरा बैलासाठी..."

"चूप बैस," अंजनाबाई म्हणाली. "बैल गेला चुलीत. बाई, आधी याले तपासा. सुनेले मी घरीच ठेवलं."

मी त्याला आत घेतलं. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत माझा एक नियम राहिला. औषध कुठलं द्यायचं ते मागून ठरायचं. पहिला घोट कोण घेणार आणि कोणासमोर घेणार, ते मी आधी विचारत असे.