नावावर नाव

कर-सल्लागाराच्या कचेरीत त्यांना सगळे वजाबाई म्हणत. श्रीमंत अशिलांच्या उत्पन्नातून काय काय वजा करता येईल, हे शोधण्यात बाईंची हयात गेली होती. परदेशातली सहल म्हणजे बाजारपेठेचा अभ्यास, घरचा पोहण्याचा तलाव म्हणजे आगीपासून संरक्षण, आणि बिस्किटांच्या कारखानदाराचा लाडका कुत्रा म्हणजे पहारेकरी. हा पहारेकरी चोर सोडाच, मांजर दिसली तरी सोफ्याखाली शिरत असे.

बाईंच्या स्वतःच्या घरी मात्र वजा करण्यासारखं काही उरत नव्हतं. त्यांचा आणि शाळामास्तर नवऱ्याचा कर पगारातून आधीच कापला जाई. उरलेलं घरभाडं, वीज आणि औषधं खाऊन टाकत. श्रीमंत माणूस खर्च करून उरलेल्यावर कर भरतो आणि पगारदार माणूस कर भरून उरलेल्यात खर्च बसवतो, एवढा अर्थशास्त्राचा धडा बाई कुठलंही पुस्तक न उघडता शिकल्या होत्या.

त्यात सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप पुकारला. जिभेने मात्र जादा पाळी धरली.

अशात सरकारने श्रीमंतांच्या चैनीवर नवा कर बसवला. दुसरा बंगला, शर्यतीचे घोडे, खाजगी नौका, सगळ्यांवर. त्या पैशातून पगारदारांच्या घरच्या शस्त्रक्रियांचा निम्मा खर्च सरकार उचलणार होतं. मास्तरांनी बातमी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "आता कळेल एकेकाला."

"कुणाला कळणार आहे?" सासूबाई म्हणाल्या. "त्यांना कळू नये म्हणून तर तुझी बायको नोकरीला आहे."

टोमणा खरा होता. तरी त्यांनी दुसऱ्याच दिवशी मदतीसाठी अर्ज केला. निम्मा खर्च मिळाला तर सासूबाई चालणार होत्या, नाहीतर खुर्चीला खिळणार होत्या. तिसरी वाट नव्हती.

उत्तर घ्यायला बाई सासूबाईंना धरून धरून इस्पितळात घेऊन गेल्या. खिडकीमागच्या माणसाने संगणकात पाहिलं आणि मान हलवली.

"मदत मिळणार नाही. तुमच्या नावावर नाव आहे."

"अहो, नावावर नाव असणारच," बाई म्हणाल्या. "दुसरं काय असणार?"

"तसं नाव नाही हो. पाण्यातली नाव."

"पाण्यातली?"

"नौका. मोठी, दुमजली. श्रीमंतांच्या यादीत आहात तुम्ही. वर तिचा करही यायचाय तुमच्याकडून."

बाकावरून सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

"आपली नौका आहे म्हणतोय."

"मग मला फरफटत बसने कशाला आणलंस?"

परतताना बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. कचेरीत एक रीत होती. सही जिथे हवी तिथे साहेब पेन्सिलीने बारीक फुली मारून ठेवत. बाई वर्षानुवर्षं साक्षीदार म्हणून सह्या करत आल्या होत्या. वरचा मजकूर कोण वाचतो? फुली दिसली की हात आपोआप चालायचा. साहेबांनी या वेळी फुली साक्षीदाराच्या जागेऐवजी मालकाच्या जागी मारली होती, इतकंच.

साहेबांना विचारलं तर ते जराही ओशाळले नाहीत.

"बिस्किटवाल्यांची आहे. नवा कर आला म्हणून जरा इकडे सरकवली. तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच ना? कराचं बघतील ते. कागदावरची तर आहे, तुमचं काय जातं?"

"सासूबाईंचे गुडघे जातात."

"वर्ष-दोन वर्षं थांबा हो. पाहू मग."

बाई थांबल्या, पण वर्षभर थांबावं लागलं नाही. बिस्किटवाल्यांच्या मुलीचा साखरपुडा नौकेवर व्हायचा होता. पाहुणे नेण्यासाठी बंदराचा परवाना हवा आणि परवान्यावर मालकाची सही हवी. साखरपुड्याच्या दिवशी सकाळी बिस्किटवाले स्वतः कचेरीत आले, अंगावर अत्तराचा घमघमाट. बसताबसता त्यांनी कराला शिव्या घातल्या. "ताई, या देशात मेहनत करणं हाच गुन्हा आहे. किती पिळायचं माणसाला?" मनगटावरचं घड्याळ बाईंच्या घरभाड्याला भारी पडेल असं होतं.

साहेबांनी परवान्याचा कागद पुढे केला. फुली होतीच.

बाईंनी खोडरबर घेतला, फुली सावकाश पुसली आणि कागदावर फुंकर मारली.

"आधी माझ्या नावावरची नाव काढा. मग काय तो परवाना."

"आज? अहो, संध्याकाळी पाहुणे येणार," बिस्किटवाले म्हणाले. "आणि कोणाच्या नावावर करू?"

"ज्याची आहे त्याच्या."

बाई काही अचकट-विचकट बोलल्या असाव्यात, तसं साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बिस्किटवाल्यांनी रुमालाने मान पुसली. चार-पाच जणांना फोन लावून पाहिले. माळी गावी गेला होता, ड्रायव्हरच्या नावावर आधीच एक बंगला होता, आणि मेहुण्याच्या नावावर काही ठेवलं तर ते परत येत नाही हा त्यांचा अनुभव होता. शेवटी त्यांची नजर खोलीभर फिरून साहेबांवर स्थिरावली.

"मग साहेब, तुम्हीच घ्या की."

"मी?"

"कागदावरची तर आहे. तुमचं काय जातं?"

आपलीच बिस्किटं आपल्याच चहात बुडून तळाशी जावीत, तसं साहेबांचं तोंड झालं. पण बिस्किटवाले गेले असते तर निम्मी कचेरी गेली असती. बाईंनी नौकेच्या हस्तांतराचा कागद तयार केला, आपली सही केली, नव्या मालकाच्या जागी पेन्सिलीने सुरेख फुली मारली आणि तो साहेबांपुढे सरकवला. साहेब मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू लागले. या कचेरीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

बाईंनी नव्याने अर्ज केला आणि मदत मंजूर झाली. कर कोणी भरला, हे बाईंनी विचारलं नाही. साहेब मात्र हल्ली वर्तमानपत्रात कराविरुद्ध पत्रं लिहितात, मध्यमवर्गाच्या कळवळ्याने.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी इस्पितळातल्या खाटेवरून सासूबाईंनी बाईंना जवळ बोलावलं.

"ती नाव गेली का गं?"

"गेली, आई."

"एकदा बसवून तरी आणायचंस."

"तुम्हाला चढता आलं असतं का?"

"नसतं," सासूबाई म्हणाल्या. "पण मालकीणबाईंच्या सासूला कुणी उचलून नेलं असतं."