सूर्यमाशाचं शेपूट

परवा सुतार दाराला पॉलिश पेपर घासत होता. ती खरखर कानावर आली आणि साठच्या दशकातला, दांडी या मासेमारांच्या गावचा किनारा डोळ्यांपुढे उभा राहिला. मी तिथल्या शाळेत नवी शिक्षिका होते. एका सकाळी जाळ्यात दाराएवढा, चपटा, राखाडी मासा आला. त्याला शेपूटच नव्हतं, अंग मागे एकदम संपत होतं. मी अख्खा वर्ग घेऊन गेले, शार्कने शेपूट तोडलंय असं ठासून सांगितलं आणि मुलांना चित्र काढून तुटलेलं शेपूट ठिपक्यांनी पुरं करायला लावलं. माणसं कोयते घेऊन वाटे घालायला बसणार, एवढ्यात मासळी विकणारी एक म्हातारी पुढे आली. तिने माशाच्या अंगावरून पार मागच्या कडेपर्यंत तळवा फिरवला, तेव्हा अशीच खरखर झाली. "बाई, जखम असती तर वण असता. ह्यो जन्माचाच असा हाय," ती म्हणाली. मग तिने माशाचं तोंड उघडलं. आत सुटे दात नव्हते, पोपटाच्या चोचीसारखा एकसंध दात होता. "केंडाचा दात हाय ह्यो. केंडाचा भाऊबंद. आमी नाय खाणार." केंड मासा विषारी, हे तिथे सगळ्यांनाच ठाऊक, माणसांनी कोयते खाली ठेवले. मुलं माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणाले, "चित्र पूर्ण करा." कितीतरी वर्षांनी एका पुस्तकात वाचलं, की तो सूर्यमासा होता, केंडाच्याच कुळातला, आणि त्याचं शेपूट पिढ्यान् पिढ्यांच्या ओघात नाहीसं झालेलं. त्या मुलांना आता नातवंडं असतील. त्यांच्या आठवणीतल्या माशाला मी लावलेलं शेपूट अजून तसंच असेल.