कप्तान वामनराव आणि काठ्यांची पलटण

लहानपणी एका दुपारी जंगलाच्या बाजूनं आमच्या गाईंच्या घंटा ऐकू आल्या. सगळ्या एकदम वाजल्या आणि एकदम थांबल्या. तो आवाज अजून कानात आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावाशेजारी जंगल अजून आहे, वाघही आहे. म्हणून किस्से संपत नाहीत. पारावर एकानं एक सांगितला, की दुसऱ्याला दोन आठवतात. हसतो आम्ही, पण डोळे नाल्याकडेच असतात.

मागच्या वर्षी नाल्याकाठी कापूस वेचताना तानाबाईला वाघानं नेलं. दुसऱ्याच दिवशी वामनरावांनी रक्षक दल उभं केलं. हे एसटीचे रिटायर ड्रायव्हर. हत्यारं म्हणजे काठ्या आणि एक शिटी. शिटी त्यांच्या गळ्यात, म्हणून ते कप्तान!

"आता गावची एकबी बाई जाऊ देणार नाई," ते म्हणाले.

मग आम्हाला रांगेत उभं करून विचारलं, "ज्याले भेव वाटते त्यानं हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. कप्तानांनी स्वतःचाच हात वर केला. "मले तं लय वाटते. तुमाले नसन वाटत, तं तुमी व्हा पुढं!"

भराभर सगळे हात वर गेले.

* * *

वाघ मागून येतो, म्हणून गस्तीत शेवटच्या माणसानं उलटं चालायचं, असा कप्तानांचा हुकूम. ते काम गणपतचं. एका संध्याकाळी आम्ही वळणावर वळलो. थोड्या वेळानं पाहतो तर मागे गणपत नाही!

गणपत सरळच गेला होता. उलटा चालत थेट यमुनाबाईच्या गोठ्यात.

ती म्हणे, "काऊन रे, म्हशीले पाठ दाखवून राह्यला? लाथ पायजे का?"

* * *

वाघ दिसला तर पळायचं नाही, जागेवर उभं राहायचं, असं फॉरेस्टचे साहेब सांगून गेले. चारच दिवसांनी झुडपात काहीतरी मोठं हललं. आम्ही सगळे पळालो. कप्तान एकटे उभे. निघालं रानडुक्कर. ते गेल्यावर आम्ही माना खाली घालून परत आलो.

"कप्तान, तुमची हिंमत मानली!"

"हिंमत कायची बाबू? पायच हलले नाई!"

* * *

वाघाच्या पायाचा ठसा दिसला, तर तो पुसला जाऊ नये म्हणून त्यावर घमेलं पालथं घालायचं. कप्तानांनी हे सांगितलं आणि दुसऱ्या सकाळी रस्ताभर घमेलीच घमेली. शेण भरायला गावात एक उरलं नाही.

फॉरेस्टगार्ड एकेक उचलत चालला. "कुत्रं. हेबी कुत्रं. ही तं बकरी हाय, बाई!"

लोक हसत होते. शेवटचं घमेलं त्यानं उचललं आणि हळूच परत ठेवलं. ते कप्तानांच्या फाटकासमोर होतं.

* * *

वेचणीला बाया शेतात उतरल्या, की कप्तान धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, हजेरी घ्यायचे. कापसाची पऱ्हाटी छातीएवढी, वाकलेली बाई दिसत नाही.

"शांताबाई!"

"ओ!"

"मंदा!"

"हाव, हाय जित्ती!"

फक्त स्वतःच्या बायकोचं, कुसुमवहिनींचं, नाव ते घेत नसत. आमच्या वयाची माणसं बायकोला नावानं हाक मारत नाहीत. शेवटी ते नुसते खाकरायचे. तिकडून वहिनी खाकरायच्या. बाया हसायच्या.

एका दुपारी नाल्याकडे वानरं ओरडायला लागली, वाघ दिसला की ओरडतात तशी. कप्तानांनी घाईघाईनं हजेरी घेतली. सगळ्यांनी ओ दिली. ते खाकरले. उत्तर नाही. पुन्हा खाकरले. नाही. शिटी तोंडात घातली, तर फुंकरच निघेना.

शांताबाई ओरडली, "वामनभाऊ, खाकरता काय? नाव घ्या ना!"

"कुसूऽऽम!"

आम्ही सगळे नाल्याकडे पाहू लागलो.

"कुसुम! ए कुसुम!"

नाल्याकडच्या पऱ्हाटीत पदर हलला. वहिनी उभ्या राहिल्या. ओटी कापसानं भरलेली. त्या कप्तानांकडे पाहत राहिल्या.

"खाकरलेलंबी आयकू आलं होतं मले," त्या म्हणाल्या.

एकही बाई हसली नाही. कप्तानांनी काठी उचलली आणि ते वहिनींच्या पलीकडे, नाल्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले.