पाठीवरचा हात

ओल्या केसांचा उग्र वास आला की स्वातंत्र्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांतली कोडोलीची ती दुपार आठवते. माझं पोर मोठ्या तापातून उठलं होतं आणि त्यासाठी सासूबाईंनी देवीला बकऱ्याचा नवस बोलला होता. रीत अशी, की बकऱ्यावर पाणी शिंपडायचं. त्यानं अंग झाडलं म्हणजे देवीनं मानलं, मगच सुरी चालवायची. सासरे गगनबावड्याच्या एका साधूकडून ध्यानाला बसायला शिकून आले होते, मटण सोडून बसले होते, आणि घरात त्यावरून रोज भांडण होतं. त्या दिवशी पाणी पडायच्या आत ते पुढं झाले, भेदरलेल्या बकऱ्याच्या पाठीवर हात ठेवून खाली बसले नि डोळे मिटले. श्वास अगदी संथ. त्या हाताखाली बकरंही निवांत झालं. पाणी ओतलं, हललं नाही. पुन्हा ओतलं, तरी नाही. सुरी धरलेला चुलतदीर ओरडला, "हात काढा की काका! पोराच्या जिवाशी खेळताय व्हय?" सासरे डोळे न उघडता म्हणाले, "कोप व्हायचा तर माझ्यावर हू दे." पोराला छातीशी आवळून मी मनात म्हणत होते, झाड रे बाबा, झाड एकदा अंग. शेवटी गुरवच म्हणाला, "देवीनं घेतलं न्हाई. सोडा त्येला." माझं ते पोर आता आजोबा झालंय, पण नुसतं शिंकलं तरी माझा हात त्याच्या कपाळाकडं धावतो, सासऱ्यांचा हात त्या पाठीवर जसा विसावला होता, तसा माझा अजून एकदाही विसावलेला नाही.