देवाला बोललेले केस

आमच्या घरात टक्कल वडिलांकडून आलं आणि हट्ट आईकडून. मला दोन्ही मिळालं असतं तर कसंतरी निभावलं असतं. मला फक्त टक्कल मिळालं.

मी सोलापुरात शाळेचे गणवेश शिवून विकतो. पन्नाशी जवळ आली तरी डोक्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. मग भाचीच्या लग्नात एका पाहुण्या बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, "तुमच्या सासऱ्यांना पहिल्या पंगतीला बसवू का?" सासरे म्हणजे मी. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झालीत. बायको हसली असती तर मी विसरून गेलो असतो. ती हसली नाही.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मेव्हण्याने इस्तंबूलला जाऊन केस लावून घेतले होते. विमानतळावर घ्यायला गाडी, हॉटेल, दुभाष्या, सगळं एकातच. त्याने दोन फोटो पाठवले, आधीचा आणि नंतरचा. ते पाहून मी निघालो.

अम्मा, म्हणजे माझी आई, म्हणाली, "टर्किश टॉवेल आपल्या गल्लीत निघतात आणि तू केस आणायला तुर्कस्तानला चाललास?" तिने उभा जन्म टॉवेलांच्या कडा शिवल्या, तेव्हा तिला बोलायचा हक्क होता. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. वडील हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला स्वतःच्या पायांनी चालत गेले होते आणि ॲम्ब्युलन्समधून घरी आले होते, पांढऱ्या चादरीखाली. तेव्हापासून ऑपरेशन हा शब्द ऐकला की अम्मा दाराची चौकट धरते. मी निघालो तेव्हाही तिने ती धरली होती. मी पाया पडलो आणि शेंगाचटणीचा डबा घेऊन रिक्षात बसलो.

तिकडे त्यांनी सगळ्यात आधी माझं डोकं भादरलं. कानांवर उरलेली झालरही गेली आणि झाडून कचऱ्याच्या डब्यात पडली. मग दिवसभर मानेच्या वरची एकेक मुळी काढून पुढे लावली. लावणाऱ्या मुली आपसांत बोलत होत्या, हसत होत्या. भांगलायला आलेल्या बायका बोलतात, तसंच. मी त्यांचं वावर होतो. वावराला कोण विचारतं?

संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल केला. अम्माने माझ्या ठिपक्याठिपक्यांच्या लाल डोक्याकडे बराच वेळ पाहिलं.

"होते ते केस कुठं गेले?"

"काढले. आधी काढावेच लागतात."

"मग ठेवलेस का ते?"

मला कळेना की ठेवायचे कशाला. तिने फोन सुनेकडे दिला. मला वाटलं, घाबरली असेल.

घरी आलो तेव्हा सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली होती. अम्माला मी फटीतून पाहत होतो. तिने माझे हात चाचपले, पाय चाचपले आणि मग सांगितलं. आम्ही घरात तेलुगू बोलतो, म्हणून ती नवस म्हणाली नाही, मोक्कु म्हणाली. माझं विमान उडायच्या वेळेला ती देवापुढे बसली होती. पोरगं धडधाकट परत येऊ दे, त्याचे केस तुला देईन, असं बालाजीला बोलली होती.

"अम्मा, मी केसांसाठीच तर गेलो होतो."

"म्हणून तर केस बोलले. आपल्याला नको असलेलं देवाला देतात होय?"

  माझ्या डोळ्यांच्या फटीतून पाणी आलं, ते सुजेचं असेल.

नवस फिटेपर्यंत तिने चहा सोडला. माझी अम्मा एक वेळ भात सोडेल, चहा नाही. सकाळी मी बशीत चहा ओतायचो आणि ती समोर बसून गरम पाणी प्यायची. तक्रार एका शब्दाची नाही. मी चहा आत जाऊन प्यायला लागलो, तर तीही पाण्याचा पेला घेऊन आत आली.

महिन्याभरात लावलेले केस गळायला लागले. असं होतंच, मुळं राहतात, पुन्हा उगवतात, असं तिथे सांगितलं होतं. अम्मा उशीवरचे केस वेचायची आणि म्हणायची, "बघ, तोच हप्त्याहप्त्याने नेतोय." तरी वस्तरा लावायची घाई तिने केली नाही. वस्तरा कधी चालेल, असं मी इस्तंबूलच्या दुभाष्याला विचारलं. वर्षभर नको, असं त्याने कळवलं आणि केस आवडले नाहीत का, असंही विचारलं. मी देव, आई, नवस, चहा, सगळं सविस्तर लिहिलं. उत्तरात दाढीचे केस लावायची सवलत आली.

मग खरोखरच केस उगवले. आधी लव, मग चांगले काळे, दाट. मी भांग पाडायला शिकलो. दुकानाच्या काचेत जाता-येता पाहायला लागलो. अम्माही पाहायची, आणि ती पाहत असली की मी टोपी घालायचो.

उन्हाळ्यात तिला चक्कर आली. डॉक्टर म्हणाले की अंगात ताकद नाही, त्यांना आवडेल ते द्या. तिला काय आवडतं ते मला माहीत होतं. वर्ष भरलं नव्हतं, तरी मी बालाजीला जायची दोघांची तिकिटं काढली.

गाडीत रात्री तिने नेहमीसारखी वेणी सोडली, खोबरेल लावलं आणि पुन्हा घातली. पांढरी, बारीक, पण कमरेपर्यंतची वेणी. मी वरच्या बर्थवरून पाहत होतो. मला माझ्याच केसांची काळजी होती, हे सांगायला हवं.

डोंगरावर केस उतरवायला बायकांची रांग वेगळी असते. अम्मा म्हणाली, "तू तुझ्या रांगेत थांब, मी तिकडं सावलीत बसते." रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. वस्तऱ्यासाठी तिथेच मिळालेलं अर्धं पातं आणि नंबराची चिठ्ठी मी हातात घट्ट धरून होतो. पुढे चार डोकी उरली तेव्हा कुणीतरी माझी बाही ओढली.

आधी मी ओळखलंच नाही. कान एवढे मोठे असतील असं कधी वाटलं नव्हतं. चंदन फासलेलं एवढंसं डोकं.

"झालं," ती म्हणाली. "चल."

"अम्मा, माझे बोलली होतीस."

"बोलले होते. आत्ता सांगितलं त्याला, पोराचे तिकडेच कचऱ्यात गेले, माझे घे. तो ऐकतो."

मी पुढे सरकलो, आता मीही काढतोच, म्हणालो. तिने मनगट धरलं. चक्कर आलेल्या बाईची पकड नव्हती ती.

"एका नवसाला दोन डोकी कशाला?"

मागच्या माणसाने विचारलं की बसताय की नाही. मी बाजूला झालो. अंगणात पुरुष, बायका, तान्ही पोरं, सगळ्यांची डोकी चकचकीत. आयुष्यभर मी केसवाल्यांच्या गर्दीत एकटा टकला होतो. आता टकल्यांच्या गर्दीत केस असलेला मी एकटा, आणि ते कुठे लपवावेत ते मला कळत नव्हतं. टोपी अम्माला दिली होती, उन्हाचं म्हणून.

खाली उतरल्यावर तिने दोन चहा घेतले, एकामागून एक. साखर कमी आहे म्हणाली.

घरी आल्यावर रात्री सवयीने तिचा हात खोबरेलाच्या बाटलीकडे गेला. तिने बाटली उचलली. मग माझ्यापुढे सरकवली.

"आता तूच संपव."