टीव्हीची पाठ

परवा दुरुस्तीच्या दुकानात एक जुना डबा टीव्ही चालू होता, आणि तापलेल्या धुळीचा तो वास नाकात शिरताच मला बदनापूरचं आमचं घर आठवलं. वडील रोज सकाळच्या गाडीनं जालन्याला मिलमध्ये कामाला जायचे आणि संध्याकाळी आल्याबरोबर, चप्पलसुद्धा न काढता, टीव्हीच्या पाठीवर तळहात ठेवायचे. माझं दहावीचं वर्ष होतं, पाठ गरम लागली की मला बोलणी बसायची. एक दिवस शाळेतून आले, कुलूप काढलं आणि सहज त्यांच्यासारखाच हात ठेवून पाहिला, तर पाठ तव्यासारखी तापलेली. आई सकाळपासून शेतात होती. कुलपाच्या किल्ल्या दोनच, एक माझ्याकडे आणि दुसरी वडिलांकडे. मी दप्तर पाठीवर तसंच घेऊन उभी राहिले. थोड्या वेळानं वडील रोजच्यासारखे जेवणाचा डबा घेऊन आले, सवयीनं टीव्हीवर हात ठेवला आणि तो हात त्यांना उचलताच येईना. "अण्णा, टीव्ही मीच पाह्यला," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "काम सुटलं गं. रिकामं करमत न्हाई," ते म्हणाले, "आईला इतक्यात सांगू नको." आता माझ्या भिंतीवर चपटा टीव्ही आहे, चित्र झकास दिसतं, तरी मला तो आवडत नाही. बंद केला की लगेच गार पडतो, घरात दिवसभर कोण एकटं बसलं होतं ते सांगत नाही.